साडभाऊंच्या करदोड्याची गाठ

मातीच्या चवीवरून वावराची कुंडली सांगणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. कुठंही गेला की ढेकूळ फोडायचा, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. माझ्या पोरीच्या सोयरिकीसाठी आम्ही दारव्ह्याकडे गेलो, तर मंडळी मुलाशी बोलत असताना हा मागच्या दारानं त्यांच्या वावरात. परत येऊन चारचौघांत म्हणाला, "साडभाऊ, पोरगं ठीक आहे, पन वावर चोपण आहे. पानी दिलं का वर पांढरं फुटते." मी चौथीतून शाळा सोडलेला आणि तो तिसरीतून, तेव्हा त्याचं ऐकायचं नाही असा माझा नियमच होता. पोरगी दिली. जावई सोन्यासारखा निघाला, वावर मात्र चोपणच निघालं.

दुसरी खोड मोजायची. टेपावर त्याचा भरवसा नव्हता. गोऱ्ह्याची मान असो की कोहळा, हा कमरेचा करदोडा सोडायचा, एका हातानं धोतर सावरायचं, दुसऱ्यानं दोरा गुंडाळायचा, जिथं टोक आलं तिथं गाठ. काम झालं की गाठ सोडून करदोडा परत कमरेला. लोक हसत. त्याला त्याचं काही नव्हतं.

आमचं वाकडं होतं ते एका पाटावरून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघं जावई मुकुटबनला साळ्याकडे जेवायला जात असू. माझी बायको थोरली, म्हणजे पहिला पाट माझा. पण हा सकाळीच पोचून त्यावर बसलेला असायचा. उठ म्हणावं तर आपला हलकेपणा, न म्हणावं तर आमरसही कडू लागायचा.

एका आखाजीला त्यानं नवीन खूळ काढलं. क्लोनची निलगिरी लावतो म्हणे.

"हे बियाचं रोप नाही, साडभाऊ. एकाच झाडाच्या फांद्यांचे तुकडे रुजवले. सारे एका रक्ताचे. आता कमीजास्त वाढले तर ते मातीचंच देनं."

"मंग माह्या मुरमातबी लावून पाहू."

"तुमच्या मुरमात खराटा होईन त्याचा." मग वाढायला वाकलेल्या माझ्या बायकोकडे पाहून म्हणाला, "एकाच मायच्या दोन पोरी पाहा ना. एक माह्या काळीत आली, कशी भरली. एक तुमच्या मुरमात गेली, तिची काडी झाली."

बायकोनं त्याच्या वाटीत आमरस वाढलाच नाही. मी मात्र तापलो. म्हटलं, वीस रोपं तुमी लावा, वीस मी. तिसऱ्या आखाजीला ज्याचं झाड जाड, पहिला पाट जन्मभर त्याचा.

"कबूल," तो म्हणाला.

आता जे मी कोणाला सांगितलं नाही ते लिहितो. त्याच उन्हाळ्यात त्याच्या गावाजवळचा तलाव आटला होता. मी पहाटे बंडी जुंपून तिथला गाळ आणला, वीस खड्डे त्या गाळानं भरले आणि वरून मुरूम पसरून दिला. वावर दिसायला जसंच्या तसं. पाऊस लागला. त्याच्या काळीत पाणी साचून राहायचं, झाडं पिवळी पडली. माझी उतारावर गाळ खात सरळ चढली.

तिसऱ्या आखाजीला तो आपली झाडं मोजून सकाळीच माझ्या वावरात आला. सवयीप्रमाणे बुंध्याशी बसला, काडीनं उकरलं, माती जिभेवर ठेवली. डोळे मिटले ते उघडेचनात. शेवटी मिशी पुसत म्हणाला, "ओळखीची लागते."

"काय ओळखीची?"

"काही नाही." मग त्यानं करदोडा सोडला, सगळ्यात जाड झाडाला गुंडाळला, गाठ मारली. "माह्या झाडापेक्षा चार बोटं जास्त. चाला साडभाऊ, जेवन निवून राह्यलं."

मुकुटबनला त्यानं स्वतः पाट मांडला आणि बाजूला झाला. मी बसलो. पुढंही दरसाल बसलो. त्यानं ना टोमणा मारला, ना बायकोला सांगितलं. फक्त ती एक गाठ त्यानं कधी सोडली नाही.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. अंघोळ घालून रीतीप्रमाणे करदोडा तोडला, तेव्हा मी तो मागून घेतला. साळा म्हणाला, "भाऊजी, कायले पाह्यजे?" मी गाठ शाबूत आहे ना ते पाहिलं आणि करदोडा खिशात घातला.

माझी झाडं तोडून झाली होती, पण निलगिरी बुंध्यातून पुन्हा फुटते. जुना गाळ कधीच खाऊन संपला, हे फुटवे आता निव्वळ मुरमावर आहेत. यंदा आखाजीला पहिला पाट मांडला तेव्हा मी दुसऱ्यावर बसलो. पहिल्यासमोर पान वाढायला सांगितलं. बायकोनं त्या पानावर आमरसाची वाटी काठोकाठ भरून ठेवली.

परतल्यावर वावरात गेलो. चिमूटभर माती तोंडात घालून पाहिली. कचकच लागली, दुसरं काही कळलं नाही. मग सगळ्यात जाड फुटव्याला करदोडा गुंडाळला. टोक गाठीच्या बरंच अलीकडे येतं. जेव्हा गाठीला टेकेल, तेव्हा त्या पाटावर बसेन. तोवर तो साडभाऊंचा.