मास्तरांचा सदरा

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या त्या केंद्रात मावशी म्हणतील ती पूर्व दिशा. कोणाला चहा फिका लागतो, कोण चष्मा कुठे दडवतो, सगळं त्यांना तोंडपाठ. मास्तर मात्र त्यांनाही पुरून उरले. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. आल्यापासून दाराशी उभं राहून एकच धोशा, "गिऱ्हाईक खोळंबलंय, सोडा मला!"

मावशींनी शक्कल लढवली. एक पांढरा सदरा, सुईदोरा आणि सहा बटणं त्यांच्यापुढे ठेवली. मास्तर मुकाट्याने बसले. चार वाजेपर्यंत सहाही बटणं लावून झाली. "एक जरी तुटलं तर नाव बदलेन," ते ऐटीत म्हणाले.

संध्याकाळी त्यांची मुलगी त्यांना घेऊन गेली की मावशी कात्रीने सहाच्या सहा बटणं काढून टाकत. उद्याला काम नको का? सकाळी मास्तरांना कालचं काही आठवत नसे. असं दीड वर्ष चाललं आणि आपल्या युक्तीवर मावशी बेहद्द खूश होत्या.

एका रविवारी मास्तर घरीच वारले. आठवड्याने मुलगी केंद्रात आली.

"मावशी, बाबांनी सगळ्या गावाचे कपडे शिवले, पण आमच्याकडे त्यांच्या हातचं काहीच नाही. रोज सांगायचे, आज सदरा पुरा केला म्हणून. त्यातला एखादा द्याल?"

एखादा! सदरा तर एकच होता. "उद्या ये," एवढंच मावशी कशाबशा बोलल्या. ती गेल्यावर त्यांनी कपाटातून तोच सदरा काढला आणि स्वतःच बटणं लावली. पोरीचं समाधान होत असेल तर काय बिघडलं, असं मनाला समजावत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलीने सदरा घेतला आणि पहिलंच बटण उचलून त्याच्या खाली पाहिलं. शिंप्याची लेक ती.

"बाबा बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे द्यायचे," ती म्हणाली. "हे त्यांचं नाही."

मग मावशींनी काही लपवलं नाही. कात्रीचंही सांगितलं. "चुकलं गं माझं. शेवटच्या दिवसाची बटणंसुद्धा काढली मी. एक दिवस तरी राहू द्यायची होती." आपल्या हुशारीची त्यांना कधी एवढी लाज वाटली नव्हती.

मुलीने सदरा पुन्हा समोर पसरला. मग तिने टेबलावरची कात्री उचलली, मावशींची सहाही बटणं कापली आणि त्यांच्या हातात ठेवली. बटणपट्टीवर सुईने चाळण झालेल्या सहा जागा दिसू लागल्या. तिने त्यांवरून बोट फिरवलं.

"हे बाबांचं," ती म्हणाली, आणि सदऱ्याची घडी घालून घेऊन गेली.