मनोरमाबाईंच्या नळाचा फोटो

शशिकला खानझोडे यांनी भोपाळच्या सरकारी कारखान्यात एकवीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढले. एक रेघ चुकली की लोखंड वाया जातं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. निवडणुकीची पत्रकंही त्या तशीच वाचत आणि नाक मुरडत.

"फोटो खालून काढलाय. ठेंगण्याला असाच उंच करतात," त्या नवऱ्याला सांगत. "आणि म्हणे, साऱ्या वस्तीचा एकच निर्णय. मला कोणी विचारलं?"

त्या वर्षी नगरसेवकपदाच्या एका उमेदवाराचं रंगीत पत्रक आलं. त्यावर चक्क मनोरमाबाई काळे, त्यांची जुनी शेजारीण. नवरा वारल्यावर कारखान्याच्या वसाहतीतलं क्वार्टर सोडून त्या बाहेरच्या प्लॉटवर राहायला गेल्या होत्या. फोटोत वाहत्या नळाखाली कळशी धरून हसत होत्या. खाली लिहिलं होतं, 'भैया ने घर-घर जल पहुँचाया'.

भिंतीला तोटी होती, पण तोटीपर्यंत येणारा पाइप कुठेच दिसत नव्हता. शशिकलाबाई तडक मनोरमाबाईंकडे गेल्या.

"पाणी आलं का तुमच्याकडे?"

"कसलं येतंय. टँकर आणला होता. भिंतीमागून रबरी नळी लावली. फोटो झाला नि तोटीसकट घेऊन गेले."

"आणि तुम्ही हसलात?"

"काकू हसा, म्हणाले. कळशी भरून मिळत होती."

घरी येऊन शशिकलाबाईंनी त्या भिंतीचा मापांसह नकाशा काढला. टँकर, रबरी नळी, तोटी, सगळं दाखवलं आणि तो दुधाच्या बूथवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्या उमेदवाराचा प्रचारवाला दिलीप दारात हजर.

"मॅडम, ये क्या लगा दिया आपने?"

"नकाशा आहे. चूक असेल तर दाखवा."

जाताना त्याने बूथवरचा कागद फाडला. शशिकलाबाईंनी आणखी पाच प्रती लावल्या.

उमेदवार दणदणीत मताधिक्याने निवडून आला. मनोरमाबाईंनीही त्यालाच मत दिलं होतं.

"अहो, तुमच्या घरात थेंब नाही," शशिकलाबाई म्हणाल्या.

"ते खरं. पण हे गेल्यापासून माझा फोटो कोणी काढलाच नव्हता. किती छान आलाय बघा."

पत्रक त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये घातलं होतं. उमेदवाराचं तोंड तेवढं कापून टाकलं होतं.

म्हातारीवर रागावण्यात अर्थ नाही, हे शशिकलाबाईंना कळलं. एकट्या बाईला काय हवं असतं, हे त्या भामट्याने बरोबर हेरलं होतं आणि एका कळशीत उरकलं होतं. परतताना वाटेत त्याच्या विजयाची मिरवणूक आडवी आली. कोणीतरी पुढे केलेला पेढा त्यांनी घेतला आणि सरळ गटारात टाकला.