साठच्या दशकाची प्रश्नपत्रिका

ओहायोतलं डब्लिन सोडून आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो ते माझ्या नोकरीमुळे. त्यामुळे इथे येऊन लेकीचं जे काही बिनसलं, त्याचा ठपका आपोआप माझ्यावर होता. कुणी तसं बोलून दाखवलं नाही, पण जेवताना आमटी माझ्यापर्यंत जरा उशिरा पोचायला लागली होती.

लेक तेव्हा सातवीत होती. डब्लिनला तिच्या मैत्रिणींचा एवढा गोतावळा होता की शनिवारी आमच्या दारात चपलांचा ढीग पडलेला असायचा. नेपरव्हिलला शाळा सुरू होऊन थंडी पडली तरी एक चप्पल आली नाही. दिवस कसा गेला विचारलं की ‘फाइन’. डब्यात काय उरलं विचारलं तरी ‘फाइन’. मग बर्फ पडायला लागला आणि तिने पुस्तकात डोकं घातलं, ते वर काढायचं नाव घेईना.

पुस्तकं सगळी एकाच जातीची. साठच्या दशकातली अमेरिका, बाहेर मोर्चे, दंगली आणि व्हिएतनामचं युद्ध, आणि या सगळ्यात अडकलेली बारा-तेरा वर्षांची कुणीतरी मुलगी. पाठीमागे छापलेलं असायचं, ‘हिस्टॉरिकल फिक्शन’. हे काही माझ्या पचनी पडेना. माझ्या लेखी ऐतिहासिक कादंबरी म्हणजे गड, घोडे, भुयारं आणि दर चार पानांनी मिशीला पीळ. ज्या काळात मी अमरावतीला अर्ध्या चड्डीत शाळेत जात होतो, तो काळ ऐतिहासिक कसा असेल? तसं मी लेकीला म्हटलं. तिने पुस्तकातून वर न बघता उत्तर दिलं, “बाबा, यू आर हिस्टॉरिकल.”

आमच्या गावच्या लायब्ररीत एक क्लब होता. एक मूल, एक पालक, दोघांनी एकच पुस्तक वाचायचं आणि महिन्यातून एका संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसून त्यावर बोलायचं. त्या हिवाळ्यात क्लबने नेमकी साठच्या दशकावरची पुस्तकं घेतली होती. लेकीने परस्पर नाव घातलं. पालक म्हणून तिच्या डोळ्यांसमोर अर्थातच आई होती. पण बायकोची नोकरी शिकागोला, ती ट्रेनने घरी पोचेपर्यंत क्लब संपलेला असायचा. राहता राहिलो मी.

“ओके,” लेक म्हणाली, “पण बाबा, प्लीज, वीअर्ड वागू नकोस.”

मी शब्द दिला, आणि देताना मला खरंच वाटलं होतं की हे आपल्याला जमेल.

पहिल्याच बैठकीला कळलं की त्या गोलात सगळ्या आया, आणि पुरुष म्हणावे तर मी आणि एका मुलीचे आजोबा. आजोबा म्हणजे नावाला, माझ्याहून फार तर दहा-बारा वर्षांनी मोठे असतील. चेकचा शर्ट, मोठाले हात, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. त्यांची नात आमच्या लेकीच्याच वयाची, दातांना तारा लावलेली. क्लब चालवणाऱ्या लायब्ररीतल्या बाईंनी मला विचारलं, की शेवटचं प्रकरण वाचताना तुम्हाला काय वाटलं? मी आधी त्या प्रकरणाचा सारांश सांगितला, मग मध्यवर्ती कल्पना, आणि शेवटी त्यातून मिळणारा बोध. बोधाच्या सुमारास लेकीचा स्नोबूट माझ्या नडगीवर आला.

गाडीत ती म्हणाली, “त्यांनी तुला काय फील झालं ते विचारलं होतं. तू स्टोरी सांगितलीस. सगळ्यांनी वाचलीय स्टोरी.”

पण त्याच संध्याकाळी, शाळेत तोंड न उघडणारी ही मुलगी त्या गोलात दोन वाक्यं बोलली होती. आणि ती बोलताना समोरच्या तारावालीने मान डोलावली होती. रात्रीच्या जेवणाला ही मान डोलावण्याची हकीकत लेकीने आईला इतक्या तपशिलात ऐकवली, की बायकोने पोळी लाटणं थांबवून ती ऐकली. लेक झोपायला गेल्यावर बायको मला म्हणाली, “एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे बघून मान हलवलीय. तू तिथे जा, बस आणि ये. काही करू नकोस.”

मी काहीच केलं नसतं. पण पुढच्या एका बैठकीला लेकीने आपण होऊन हात वर केला. दर वेळी एका जोडीने चर्चा चालवायची असते, तर फेब्रुवारीची आम्ही चालवू, असं तिने सांगून टाकलं. आम्ही! हे ‘आम्ही’ ऐकून मला इतका हुरूप आला, की तिथेच पुढच्या सगळ्याचा पाया घातला गेला.

फेब्रुवारीचं पुस्तक होतं एका छोट्या गावातल्या मुलीचं. तिच्या मोठ्या भावाला सैन्यात भरती व्हायचं बोलावणं येतं. बापाला वाटतं त्याने जावं, आईला वाटतं जाऊ नये. मुलगी घरी न सांगता युद्धाविरुद्धच्या मोर्चात जाते. आणि एका पहाटे भाऊ झोपलेल्या बहिणीला न उठवता, निरोप न घेता निघून जातो. तो परत आला की नाही ते पुस्तक सांगतच नाही. लेकीने ते एका दमात वाचलं आणि लगेच पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं.

मी मात्र ते माझ्या पद्धतीने वाचलं. आम्ही शाळेत मोठ्या मुलांनी वापरलेली जुनी पुस्तकं घ्यायचो. त्यांत महत्त्वाच्या ओळी कुणीतरी आधीच अधोरेखित करून ठेवलेल्या असायच्या. अशा ओळी नसलेलं पुस्तक मला आजही अनाथ वाटतं. तेव्हा मी पेन्सिल घेतली आणि कामाला लागलो. समासात ‘म.प्र.’ असंही लिहिलं, म्हणजे महत्त्वाचा प्रश्न. लेकीने ते पाहिलं आणि पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. “बाबा, इट्स अ लायब्ररी बुक.” त्यानंतर दोन संध्याकाळी मी खोडरबर घेऊन बसलो होतो. त्या निमित्ताने पुस्तकाची उजळणीही झाली.

आणि उजळणी झाली की पुढे काय येतं, हे आमच्या पिढीच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी प्रश्नपत्रिका काढली.

लेकीने स्वतःची तयारी केली होती. छोट्या कार्डांवर तीन प्रश्न लिहिले होते. पण मला वाटलं, तीन प्रश्नांत एवढ्या लोकांचं काय होणार? तिला चकित करावं म्हणून मी गुपचूप ऑफिसात बसून इंग्रजीत सगळं टाइप केलं. वर ठळक अक्षरांत सूचना: सात प्रश्नांपैकी कोणतेही पाच सोडवा. प्रश्न कोणत्याही क्रमाने सोडवता येतील. उजवीकडे कंसात गुण. प्रश्न एक, आईचं स्वभावचित्र रेखाटा. प्रश्न दोन, संदर्भासह स्पष्टीकरण. प्रश्न तीन, कारणे द्या: भाऊ बहिणीचा निरोप न घेता का गेला? चार गुण. शेवटी सगळ्यांना शुभेच्छा. प्रिंटरमधून गरम गरम कागद हातात आले तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

लायब्ररीत लेक कार्डं हातात धरून घसा साफ करत होती. तेवढ्यात मी उठलो आणि गोलात फिरून कागद वाटले.

 एक आई कागद उलटा करून पाठीमागे काही आहे का ते बघत होती. दुसरीने मला अगदी हळू आवाजात विचारलं, हे आत्ता लिहायचं आहे का, माझ्याकडे पेन नाहीये. तारावाल्या मुलीने वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. लेकीने कागदावरून नजर वर केली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. त्या क्षणी मला समजलं की मी नक्की काय केलंय. गोळा करून घेऊ का, असा विचार आला, पण गोळा करणं म्हणजे वेळ संपली असं जाहीर करणं. मी तसाच बसून राहिलो.

लेकीने कागद पुन्हा एकदा वरून खालपर्यंत वाचला. मग तिने हातातली कार्डं खुर्चीवर ठेवली, उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, “ओके. माझ्या बाबांच्या शाळेत पुस्तकं अशी वाचायचे. कुणाला आवडलं, हे कुणी विचारायचंच नाही. आज आपण सगळे त्या शाळेत आहोत आणि मी टीचर आहे. उत्तर देताना उभं राहायचं. मॉम्सनी पण.”

आणि आया उभ्या राहिल्या. मघाशी पेन नसलेली बाई स्वभावचित्राला उभी राहिली. लेकीने तिला मध्येच थांबवून ‘मोठ्याने बोला, मागे ऐकू येत नाही’ असं सांगितलं. हे मी तिला कधीतरी ऐकवलेल्या माझ्या मास्तरांच्या गोष्टीतलं वाक्य, आवाजसुद्धा तोच. लोक हसायला लागले. तारावालीने एक उत्तर दिलं तर लेकीने तिला तीन गुण दिले, ती चारसाठी भांडायला लागली आणि दोघींची चांगली जुंपली. लायब्ररीच्या बाई डोळे पुसत होत्या. लेक माझ्याकडे मात्र एकदाही बघत नव्हती.

मग तिने विचारलं, तिसरा प्रश्न कोण सोडवणार? आजोबा उभे राहिले. महिनोन् महिने न बोललेला माणूस उभा राहिला म्हणून सगळे अजून हसतच होते. ते कागदाकडे बघत म्हणाले, “हा चार मार्कांत नाही मावायचा.”

आणखी कुणीतरी हसलं आणि थांबलं, कारण ते पुढे बोलेनात. कागद हातात धरून नुसते उभे होते. त्यांची नात त्यांच्याकडे बघत राहिली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ही जागा सावरायला आता मी काहीतरी बोलावं म्हणून मी खुर्चीत पुढे सरकलो, आणि सुदैवाने मला काही सुचलं नाही.

लेक त्यांच्याजवळ गेली. टीचरचा आवाज गेला होता, तिचा नेहमीचा आवाज होता. कागदावरची वरची सूचना बोटाने दाखवत ती म्हणाली, “तुम्ही हा आत्ता सोडून देऊ शकता. नंतर परत येता येतं. अलाउड आहे.”

त्यांनी मान हलवली आणि खाली बसले. लेकीने पुढचा प्रश्न घेतला. तो मुलीच्या मोर्चाचा होता आणि त्यावर मीच उभा राहून सांगितलं, की वाचताना मला आधी त्या बापाचीच बाजू बरोबर वाटली, कारण घरी न सांगता मोर्चाला गेलेली मुलगी म्हटलं की मला भीतीच वाटते. ‘काय वाटलं’ या प्रश्नाचं माझ्या आयुष्यातलं हे पहिलं उत्तर. लेकीने एक गुण दिला.

सगळे प्रश्न संपून लोक कोट घ्यायला उठणार, तोच आजोबा बसल्या जागेवरून बोलले. म्हणाले, मीही असाच गेलो होतो, धाकट्या बहिणीला न उठवता. “ती उठली असती तर तिने विचारलं असतं, परत कधी येणार. तिच्याशी मी कधी खोटं बोललो नव्हतो.”

एवढंच. मग त्यांनी लेकीकडे बघून विचारलं, चालेल का? लेकीने हो म्हटलं. गुण किती ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. नात त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. आजोबा आणि मी आपापल्या गाडीच्या काचा खरवडत होतो. दोन्ही मुली दिव्याखाली उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या आणि त्यांना थंडी वाजत नव्हती. आजोबांनी काच खरवडता खरवडता मला विचारलं, तुमच्या शाळेत नापास झाल्यावर काय करायचे? मी म्हटलं, त्याच वर्गात परत बसवायचे. त्यांनी विचार करून सांगितलं की हे काही वाईट नाही.

दोन सिग्नल मागे पडल्यावर लेक म्हणाली,

“बाबा, ते वीअर्ड होतं.”

“हो.”

“लाइक, रिअली, रिअली वीअर्ड.”

“हो गं.”

“शनिवारी ती घरी येणारेय,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “तू प्लीज तिला काही विचारू नकोस.”

शनिवारी ती आली. मी दार उघडलं, ‘हाय’ म्हटलं आणि त्यापुढे एक शब्द बोललो नाही. त्यासाठी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभीच होती. मुली वर गेल्या. वरून आधी कुजबुज आली, मग काहीतरी पडल्याचा आवाज, मग हसणं, ते थांबेचना. न राहवून मी शंकरपाळ्यांची बशी घेतली आणि जिना चढलो. दार जेमतेम फटीएवढं उघडलं. लेकीचा हात बाहेर आला, त्याने बशी घेतली, आतून “थँक्स, बाबा” आलं, आणि दार बंद झालं.

मी खाली आलो. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मला आत घेतलं नाही. तिने इतक्या समाधानाने माझ्यापुढे चहा ठेवला की मला पदोन्नती मिळाल्यासारखं वाटलं.