काशीताईच्या उतारावरचं गवत

काशीताई गेल्याचा निरोप मला खांडबाऱ्याच्या बाजारात मिळाला. तिच्या पाड्यावरचा एक जण गर्दीतून आला आणि माझ्या हातातली पिशवी त्यानं स्वतःकडे घेतली... मला कळलं. ती माझी थोरली बहीण. महिना होत आला, तरी डोळे मिटले की ती टेकडीच्या उतारावर कमरेइतक्या गवतात उभी दिसते. वाऱ्यानं गवत वाकतं, ती तशीच ताठ.

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तो उतार उघडाबोडका होता. आई नसल्यानं मी ताईकडेच राहायला आले होते. गोठा गुरांनी भरलेला, दाजींना त्याचा केवढा अभिमान! पण गुरांच्या बरगड्या दिसायच्या, आणि पहिल्या सरीला लाल माती ओढ्यात वाहून जायची.

एका संध्याकाळी ताई आमच्या कोकणी आदिवासी बोलीत म्हणाली, ते इथं मराठीत लिहिते, "एवढी गुरं हा डोंगर पोसत नाही. निम्मी विकू. म्हातारा ढवळ्या बैल दिवाळीनंतर कापू, पाड्यात वाटून घेऊ."

दाजी उठलेच. "त्याच्यामागं नांगर धरलाय मी, काशे!"

"मी पाणी पाजलंय त्याला. उन्हाळ्यात उपाशी पडून मरेल, ते बघवेल तुला?"

बाजारात व्यापारी हसला, "चांगल्या गाई कशाले इकी ऱ्हायनी, बाई?"

"राहिलेल्यांचं पोट भरावं म्हणून," ताई म्हणाली.

तिनं अर्ध्या उताराला काट्यांचं कुंपण घातलं. पावसाळाभर ढवळ्याला कापलेलं गवत चारलं. तो दिवस उजाडला तेव्हा तिनं त्याच्या कपाळावर कितीतरी वेळ हात ठेवला... दाजी रानात निघून गेले. त्या मांसाचा घास त्यांनी घेतला नाही.

मी बाळंतीण, अंगात रक्त नाही, बाळाला दूध पुरेना. ताई रोज नागलीच्या भाकरीबरोबर रस्सा द्यायची. उरलेलं मांस चुलीच्या धुरावर वाळत असायचं. हळूहळू हातापायांत ऊब आली, दूध आलं. दुपारी बाळ पोटाशी झोपायचं आणि मला अर्धवट झोपेत गवत वाढल्याचा आवाज येतोय असं वाटायचं.

दोन-तीन पावसाळ्यांत ते खरंच वाढलं. माती धरून राहिली, ओढा होळीपर्यंत वाहू लागला. दाजी स्वतःच कुंपण नीट करू लागले.

परवा मी ताईच्या घरी गेले होते. घरात मांस शिजलं होतं. ताईची सून तान्ह्याला घेऊन कोपऱ्यात बसलेली. दाजींनी पहिली वाटी तिच्यापुढे सरकवली.

"आधी तू. काशी असंच वाढायची."

सुनेनं घास घेईपर्यंत त्यांनी आपल्या भाकरीला हात लावला नाही.