सोपी गुठळी

"अहो मॅडम, रिपोर्टवर सही करा. उद्या क्लायंट येतायत," आमच्या लॅबचे डायरेक्टर सबनीस सर म्हणाले.

"नाही करत," मी म्हटलं.

रिपोर्ट उत्तम होता. अडचण तीच होती. इस्केमिक स्ट्रोकमध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढचा भाग रक्तावाचून मरू लागतो. अशी गुठळी विरघळवणारं नवं औषध एका कंपनीने आमच्याकडे तपासायला दिलं होतं. आम्ही टेस्टट्यूबमध्ये रक्त गोठवायचो आणि त्या गुठळीवर औषध सोडायचो. झाडून सगळ्या गुठळ्या विरघळल्या. पुण्यात इतकं एकमत कधी होत नाही. मला तिथेच संशय आला.

त्यातच एका न्यूरो डॉक्टरांनी पेशंटच्या मेंदूतून ओढून काढलेली खरी गुठळी, घरच्यांच्या परवानगीने, आम्हाला तपासायला पाठवली. पेशंट धायरीचे एक शिक्षक. वेळेत गुठळी विरघळवायचं नेहमीचं इंजेक्शन देऊनही ती विरघळली नव्हती. मी चिमट्याने ओढून पाहिली. रबरासारखी ताणली, तुटली नाही. आमची गुठळी चिमटा लागला की फुटायची. माणसाचं रक्त वाहतं, आमचं स्टँडमध्ये निवांत उभं असायचं. वाहत्या रक्तात प्लेटलेट्स आणि गुठळी बांधणारे फायब्रिनचे धागे एकमेकांत घट्ट बसतात. मला आमच्या त्या मऊ गुठळ्यांचा रागच आला.

"मीटिंग पुढे ढकला. वाहत्या रक्ताची गुठळी करते," मी म्हटलं.

"आणि औषध चाललं नाही तर? क्लायंट हातचा जाईल."

"जाऊ दे. आपल्या रिपोर्टच्या भरवशावर उद्या हे कुणाला तरी टोचतील, सर."

सरांनी मीटिंग पुढे ढकलायला फोन उचलला.

रक्त भरलेली नळी गोल जोडून सावकाश फिरवायची होती. त्यासाठी मोटर आणायला मी बुधवार पेठेत गेले.

"कशाला हवी?" दुकानदाराने विचारलं.

"रक्त फिरवायला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गॅरंटी नाही मिळणार."

पहिल्या खेपेला नळीचा जोड सुटला आणि माझा ॲप्रन रंगला. जोड बदलला, पुन्हा फिरवलं. शेवटी हवी तशी गुठळी मिळाली: पांढरट, चिवट डोकं आणि लाल शेपूट. औषध सोडलं. शेपूट विरघळलं, डोकं हललं नाही. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, निकाल तोच.

कंपनीचे कुलकर्णी आले. नळीत अडकलेलं डोकं त्यांनी बराच वेळ पाहिलं. "म्हणजे आमचं औषध नापास?"

"आधीचा पेपर आम्हीच सोपा काढला होता," मी म्हटलं.

ते चिडून गेले. सरांनी माझ्याशी दोन दिवस फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. पण काही महिन्यांनी कुलकर्णी सुधारलेलं औषध घेऊन परत आले आणि म्हणाले, "तुमची ती हट्टी गुठळी काढा." या औषधाने काही डोकी विरघळली, काही नाही. तसंच लिहिलं आणि सही केली.

धायरीचे शिक्षक आता डाव्या हाताने लिहायला शिकतायत. लॅबमध्ये औषध जिंकवणं अवघड नाही, समोर लेचीपेची गुठळी ठेवली की झालं.