नागिणीबद्दलचा माझा अभिप्राय

मी जर्मनीला निघाले तो रविवार होता, आणि रविवारी आप्पांना सुट्टी मिळायची नाही. म्हणून मुंबईपर्यंत ठरवलेल्या भाड्याच्या गाडीत सामान टाकून मी आणि आई आधी पार्कवर गेलो. शहराबाहेरचं छोटं अम्युझमेंट पार्क. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथं फिटर होते. पाच-सहा पाळणे, पाण्याची एक घसरगुंडी आणि एकच रोलर कोस्टर. हिरवा रंग दिलेला, पुढच्या डब्यावर पत्र्याचा फणा. फलकावर त्याचं काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण सगळे नागीणच म्हणायचे.

आप्पा सांगाड्याखालून बाहेर आले. हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे. मी प्रवासाचा नवा ड्रेस घातलेला, म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं नाही. मनगटाची मागची बाजू तेवढी माझ्या गालाला टेकवली.

"तिकडं लई मोठ्या मोठ्या मशिनी असतील," ते म्हणाले. "बघ, अन् मला सांगत जा. नुसतं भारी हाय, भारी हाय म्हणू नको. कशी चालती ते सांग."

नागीण चालू-बंद करायची दांडी ओढणारे रफिकचाचा वरून ओरडले, "बेटी, एक चक्कर मारके जाव!" मी शेवटच्या डब्यात बसले. उतरले तेव्हा बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि आई डोळे पुसत होती. आप्पांनी फक्त एवढंच विचारलं, "तिसऱ्या वळणाला काय झालं?"

"खट्‌ झालं."

"व्हय," ते म्हणाले, आणि पुन्हा खाली गेले.

आमचं बोलणं कायम असंच असायचं. आप्पा पिशोर गावचे. विशीत ते शहरात आले, आधी एका वर्कशॉपात, मग एका कंपनीत, आणि ती बंद पडल्यावर पार्कवर. रविवारी सकाळी आई मला वस्तीतल्या विहारात वंदनेला न्यायची आणि तिथून आम्ही डबा घेऊन पार्कवर जायचो. आप्पांच्या जेवणाच्या सुट्टीत मला फुकट चक्कर मिळायची. खाली उतरल्यावर ते मला कधी मजा आली का म्हणून विचारायचे नाहीत. विचारायचे, "कुठं हललं?" मी आठ वर्षांची होते तेव्हा त्यांना सांगायची की दुसऱ्या उतारावर पोटात गोळा येतो पण नंतरच्या उंचवट्यावर काहीच होत नाही, आणि शेवटी ब्रेक लागताना मान पुढं जाते. ते हे सगळं गंभीरपणे ऐकायचे. एकदा माझ्या सांगण्यावरून त्यांनी खरंच ब्रेक ढिला केला. त्या दिवशी मी घरी इंजिनिअर होऊनच आले.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. ते शाळेच्या पहिल्या दिवसापासून कॉलेजच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी ऐकलं. "शिकायचं, अन् शिकलेलं बोलायचं. तोंड दाबून बसायचं नाय. आपल्या माणसांनी लई पिढ्या तोंड दाबलं."

जर्मनीत मी ज्या गावात आले तिथं एका कारखान्यात गिअरचे भाग तपासायचं काम होतं. पहिल्या हिवाळ्यात मी शनिवारी संध्याकाळी सुपरमार्केटातून घरी यायचे ती थेट सोमवारी सकाळी कुणाशीतरी बोलायचे. तुमच्यापैकी जे परदेशी गेले त्यांना हे सांगायला नको. जे गेले नाहीत त्यांना मी तेव्हा बर्फाचे फोटो पाठवत होते.

मग मला ते मंडळ सापडलं. तिकडं त्याला फेराइन म्हणतात. वर्गणी, नियम, वार्षिक सभा, सगळं असतं. हे रोलर कोस्टरच्या वेड्यांचं फेराइन होतं. पन्नाशी-साठीची माणसं सुट्टी काढून दुसऱ्या देशात जायची, एका कोस्टरवर दिवसभरात वीस चकरा मारायची आणि संध्याकाळी बिअर पीत त्यावर भांडायची. पुढच्या डब्यात बसावं की मागच्या. लाकडी चांगला की पोलादी. उंचवट्यावर गाडी झपकन खाली जाते आणि माणूस क्षणभर सीटवरून उचलला जातो, त्याला ते एअरटाइम म्हणत. कुठला एअरटाइम तरंगता आणि कुठला फेकून देणारा, यावर मी दोन मित्रांना तासभर अबोला धरताना पाहिलंय. हाइके नावाची पोस्टातून निवृत्त झालेली बाई माझी मैत्रीण झाली. तिचं मत असं की मोठ्या पार्कातले कोस्टर उंची दाखवतात, आणि छोट्या पार्कातले त्यांना बनवणारा माणूस दाखवतात.

त्या लोकांत एक रीत होती. प्रत्येकाचं एक घरचं पार्क असतं, लहानपणीचं. त्याला नावं ठेवायचा हक्क फक्त त्याचा. हाइकेनं मला विचारलं, "तुझं घरचं पार्क कुठलं?"

मी त्यांच्या संकेतस्थळावर लिहायला लागले. आधी मुंबईकडच्या, पुण्याकडच्या पार्कांवर, जिथं मी कॉलेजात असताना गेले होते. मग नागिणीवर. पहिला मजकूर मी प्रेमानं लिहिला: हिरवा रंग, फणा, आईचा डबा. लोकांनी खाली लिहिलं, गोड आहे. एकानं लिहिलं, "आठवणी छान, पण राइडबद्दल काहीच कळलं नाही."

ते मला लागलं. मी त्या गटात एकटीच अशी होते जिचा बाप हे काम हातानं करत होता. आणि मला लोक गोड म्हणत होते.

मी आप्पांना फोन केला आणि नागिणीबद्दल विचारलं. इतकं मोकळं ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. बाजूची चाकं झिजलीत, त्यावरचा रबराचा थर जवळजवळ गेलाय, म्हणून तिसऱ्या वळणाला डबा रुळावर आपटतो. मालक म्हणतो पुढच्या सीझनला बघू. "पर मी रोज सकाळी वाळूची पोती ठेवून बिनमाणसांची फिरवतो," ते म्हणाले. "खाली उभा राहून ऐकतो. खट्‌ हाय तवर काळजी नाय. आवाज बदलला की त्याच मिनिटाला बंद करीन. मागं दोन दिवस केली बी होती. मालक लई बोलला."

मी सगळं लिहून घेतलं. त्यांना सांगितलं नाही.

दुसरा मजकूर मी इंग्रजीत लिहिला, आणि तो फार चांगला उतरला. चाकं, थर, वळण, पोती. शेवटी मी लिहिलं की या कोस्टरची सुरक्षितता एका माणसाच्या कानावर उभी आहे, आणि मी माझ्या मुलांना त्यात बसवणार नाही. मला मुलं नाहीत. वाक्य बरं वाटलं म्हणून लिहिलं. पार्कचं नावही लिहिलं, कारण नाव नसलेल्या अभिप्रायाला तिथं कुणी विचारत नाही. दोन दिवस लोक वाहवा करत होते. हाइके म्हणाली, "आता तू आमच्यातली झालीस."

भारतातही असे शौकीन आहेत हे मला ठाऊक होतं. त्यांच्यातले काही माझं लेखन वाचतात हेही ठाऊक होतं. त्यातल्या कुणीतरी त्याचं मराठी केलं आणि व्हॉट्सअॅपवर टाकलं. आठवडाभरात ते शहरातल्या शाळांच्या पालकांच्या गटांत फिरत होतं. सहली रद्द झाल्या. तपासणीला माणसं आली. मालकानं चाकं बदलण्यापेक्षा नागीण मोडीत काढणं पसंत केलं. गॅस कटरनं तिचे तुकडे केले आणि ट्रकमध्ये भरून नेले. त्याआधी त्यानं आप्पांना काढलं होतं, आतली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून. महिन्याभरानं रफिकचाचांचीही नोकरी गेली. आज तिथं लग्नाचं लॉन आहे.

आईनं फोनवर एवढंच सांगितलं, "तुझे आप्पा जेवत नाहीत. तू ये."

मी गेले. आप्पा ओट्यावर बसले होते, स्वच्छ शर्टात, स्वच्छ हातांनी. कामाच्या वेळेला त्यांना घरी मी कधी पाहिलंच नव्हतं.

"आप्पा, मी तुमचं नाव नव्हतं लिहिलं."

"फिटर एकच होता माय तिथं."

मी रडत होते, आणि मला रागही आला. "खोटं काय लिहिलं मी? तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"काहीच खोटं नाय. समदं खरं हाय. म्हणून तर मला बोलता येईना. वस्तीतले लोक विचारतात, तुम्हाला ठाऊक होतं व्हय? ठाऊक असून लोकांची लेकरं बसवत होता?"

"तसं मी लिहिलं नाही."

"त्याचा अर्थ तोच होतो. मी बी वाचलं."

मग ते म्हणाले, "मला म्हणायचं होतंस. आप्पा, बंद करा ती. मी केली असती."

"केली असती?"

त्यांनी खूप वेळ विचार केला. माझे आप्पा खोटं बोलत नाहीत. "नसती बी केली," ते म्हणाले. "पर तू मला म्हणून तर बघायचं होतंस."

तुम्ही म्हणाल, बरंच झालं, एखाद्या दिवशी अपघात झाला असता. मलाही लोकांनी हेच सांगितलं. औरंगपुऱ्यात रफिकचाचा आता एका दुकानात मोबाईलची कव्हरं विकतात, तिथं मी त्यांना भेटायला गेले. तेही म्हणाले, "सच लिखे ना बेटी? फिर कायकू रोते?" पण लोकांच्या जिवासाठी लिहायचं असतं तर मी मालकाला लिहिलं असतं, किंवा तपासणीवाल्यांना. मी ते लिहिलं होतं एका गावातल्या पंधरा-वीस परक्या माणसांनी मला हुशार म्हणावं म्हणून. त्या मजकुरातली ही एकच गोष्ट कुणाला माहीत नाही. आप्पांना आहे. ते बोलले नाहीत, पण त्यांना आहे.

दोन वर्षांनी मी त्यांना आणि आईला महिनाभर माझ्याकडे आणलं. मला वाटलं, मोठ्या मशिनी दाखवू, मग ते बोलतील. हाइके गाडी घेऊन आली आणि आम्ही तिच्या लाडक्या पार्कात गेलो. तिथं एक जुना लाकडी कोस्टर आहे, दर हिवाळ्यात ज्याच्या फळ्या सुतार बदलतात. आप्पा त्यात बसले नाहीत. ते कठड्याशी उभे राहिले. गाडी तीनदा त्यांच्या डोक्यावरून गेली. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांचे ओठ हलले, जणू काही मोजत होते. आता बोलतील असं मला वाटलं.

हाइकेनं माझ्यामार्फत विचारलं, यांना कसा वाटला? तिला खरंच ऐकायचं होतं. असा माणूस तिला आयुष्यात भेटला नव्हता.

आप्पा माझ्याकडे वळले. "चांगला हाय म्हण," ते म्हणाले.

"आणि?"

"आणि काय. चांगला हाय."

मी हाइकेला सांगितलं, त्यांना आवडला. घरी येताना आई गाडीत एकटीच बोलत होती, इथं गवत किती हिरवं आहे म्हणून.

फेराइनची वर्गणी मी नंतर भरली नाही. हाइकेचा वाढदिवसाला फोन येतो. तो मजकूर मी काढून टाकायला सांगितला होता, पण तोवर त्याच्या इतक्या नकला झाल्या होत्या की काढून काही उपयोग नव्हता. आजही इंटरनेटवर पार्कचं नाव शोधलं तर लग्नाच्या लॉनच्या जाहिरातीखाली तो दिसतो.

आता मी वर्षातून एकदा घरी येते. शहराचं नाव बदललं, क्रांती चौकातून आमच्या वस्तीकडं वळणारा रस्ता रुंद झाला. आप्पा स्टेशनवर घ्यायला येतात. बॅग उचलू देत नाहीत. बरी हायेस ना, तिकडं थंडी लई असंल, जेवण मिळतं का. मीही विचारते, औषधं घेता ना, गुडघा कसा आहे. आम्ही एकमेकांशी फार चांगले वागतो. आई म्हणते, बघ, सगळं विसरले ते. आईला तसं म्हणावं लागतं.

यंदा मी आले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत कपडे घड्या घालत होते. बाहेर ओट्यावर रफिकचाचा आले होते. त्यांच्या घरची पाण्याची मोटर आवाज करत होती. आप्पा त्यांना सांगत होते की आधी चालू करताना आवाज येतो की गरम झाल्यावर, घूं येतो की किर्र येतो, घूं असंल तर बेअरिंग, किर्र असंल तर पाती घासती. रफिकचाचांनी तोंडानं आवाज काढून दाखवला. आप्पा हसले. मोठ्यानं, पूर्वीसारखे. मग त्यांनी तो आवाज दुरुस्त करून दाखवला आणि दोघं हसले. किती दिवसांनी मी ते ऐकत होते. मी हातातला कपडा तसाच ठेवून बाहेर गेले.

आप्पा थांबले. सरकून त्यांनी मला जागा केली. "ये, बस," म्हणाले. "चहा घेतलास का?"

"घेतला."

"बरं."

रफिकचाचांनी माझ्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं, आणि दुकान उघडायचंय म्हणून उठले. आप्पा रस्त्याकडे बघत राहिले. मी थोडा वेळ बसले, आणि आत आले.

दोन दिवसांनी चाचा पुन्हा आले. मोटर दुरुस्त झाली होती, ती कशी झाली ते सांगायला. मी दारापर्यंत गेले आणि आतच थांबले. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, तिथं कशाला उभी आहेस? मी तिला हातानं खूण केली, बोलू नको म्हणून. आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत दाराआडच उभी राहिले.