डोळे मिटून शंभर दाणे

माझ्या सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. मेडशीत एसटी थांब्याजवळ त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. पण उभ्या आयुष्यात त्यांनी एकाही शेतकऱ्याला ‘हे बियाणं चांगलं आहे, घेऊन जा’ असं म्हटलं नाही. पेरणीच्या आधी ते सोयाबीनची एक थैली फोडायचे, डोळे मिटून आत हात घालायचे आणि मुठीत येतील तसे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर मांडायचे. दहा ओळी, ओळीत दहा. गोणपाट गुंडाळून दाराशी ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि सहाव्या दिवशी चार लोकांसमोर उलगडायचं. किती दाण्यांना मोड आले ते मोजायचं काम लोकांचं. मोड जास्त तर एकरी बियाणं कमी लागतं, मोड कमी तर जास्त टाकावं लागतं. मामाजी बाजूला बसून सुपारी कातरत राहायचे. आकडा कमी आला तरी त्यांचा अडकित्ता थांबत नसे, हे मी स्वतः पाहिलंय.

मला तेव्हा याचं फार नवल वाटायचं. काहीच न बोलणाऱ्या माणसाचं लोक एवढं ऐकतात तरी कसं?

ते गेल्यावर शेती ह्यांच्याकडे आणि दुकान माझ्याकडे आलं. मी मुळात बोलकी. त्यात घरात सून आली ती वाशीमची, हातात फोन घेऊनच. पहिल्याच हंगामात म्हणाली, “आई, गोणपाट उलगडता तवा मी व्हिडिओ काढते. तुमी फक्त बोला.” बोलायला मला कधीच आग्रह लागत नाही.

तो व्हिडिओ आधी गावाच्या ग्रुपवर गेला, मग मालेगाव, कारंजा, वाशीम असा कुठे कुठे फिरला. दुपारी दुकानात सामसूम झाली की मी खालच्या कमेंट वाचत बसायची. कोण ही माणसं? आमची एसटी जात नाही अशा गावातला माणूस मला ‘काकू, आवाज जोरदार’ असं का लिहितो? एकदा वाशीमच्या बाजारात बांगड्या भरताना शेजारच्या बाईनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. “तुमी त्या गोणपाटवाल्या बाई ना?” मी अशी फुगले की बांगडी पंजावरच अडकली. पुढे फवारणी कधी करू, मुलीला कोणत्या कॉलेजात घालू, असलेही फोन येऊ लागले आणि मी बेधडक सल्ले देऊ लागले. मामाजींचा शब्द एसटी थांब्यापर्यंत चालायचा. माझा कुठवर जातो हे मलाच ठाऊक नव्हतं आणि त्या गोष्टीची मला गंमत वाटत होती.

यंदाच्या हंगामात माझ्या हातून चूक झाली. सुनेनं फोन स्टँडवर लावला होता आणि पडदा माझ्याकडे वळवला होता. मी थैलीत हात घातला, मूठ उघडली, तर पडद्यावर माझाच तळवा दिसला. त्यात एक दाणा सुरकुतलेला, एक चिरलेला, एक हिरवट. बरं दिसेना. ते परत थैलीत टाकले आणि गोल, पिवळे, टपोरे दाणे वेचून मांडले. कुणाला फसवायचं माझ्या मनातही नव्हतं. पाहुणे येणार म्हटलं की फाटकी चादर आपण आत ढकलतो, तसंच ते झालं. सहाव्या दिवशी गोणपाट उलगडलं आणि मी कॅमेऱ्यात बघून ओरडले, “शंभरातले अठ्ठ्याण्णव!”

दुसऱ्याच दिवशी कारंजाकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. आठवड्यापूर्वी तो एसटीनं येऊन आमच्याकडून ह्याच बियाण्याच्या थैल्या घेऊन गेला होता.

“ताई, तुमचा व्हिडिओ पाह्यला. मी एकरी तीस किलो टाकनार होतो. आता बावीसच टाकतो. उरल्यात लेकीचं वावर पेरून होते. बराबर हाये ना?”

बियाणं पातळ पडलं की अर्धं वावर उघडं राहतं आणि वर्ष हातचं जातं. इथे तर दोन वावरं होती, त्याचं आणि लेकीचं.

“पेरू नका. सहा दिवस थांबा,” मी म्हणाले.

“काहून?”

“पुन्हा मांडून पाहते.” खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. बाकीच्यांना तर ते सहा दिवस मी काहीच कळवलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

या वेळी डोळे मिटून शंभर दाणे मांडले. मोड आले एकाहत्तर. म्हणजे एकरी तीस किलोच हवं होतं.

सून म्हणाली, “आई, तो जुना व्हिडिओ काढून टाकू. कोनाले आठवते?”

मी विचारात पडले. फोनमधून पुसला तर त्या माणसाच्या डोक्यातून पुसला जाईल का? मामाजींना ही सोय नव्हती. मोजणारे समोर उभे असायचे, त्यांना पुसून टाकणार कसं?

“काढू नको,” मी म्हणाले. “नवा काढ.”

त्यात मी एवढंच बोलले, “मागच्या खेपेला मी दाणे वेचून मांडले होते. अठ्ठ्याण्णव खोटं. खरे एकाहत्तर. एकरी तीस किलोच टाका. ज्याला थैली परत करायची त्यानं आणावी.”

मग शिव्या आल्या. ‘काकूबी तशाच निघाल्या,’ असं कुणी लिहिलं. त्या मी गिळल्या, कारण त्या माझ्याच होत्या. पण एकानं लिहिलं की हे कबूल करणंसुद्धा नाटक आहे, लोकांनी पाहावं म्हणून केलेलं. त्याचा मला संताप आला. नंतर मात्र कुतूहलच वाटत राहिलं. खरं बोलले तेही पडद्यावरच, मग त्यानं कशावरून खरं मानावं? सल्ला विचारणारे फोन बंद झाले.

चौथ्या दिवशी कारंजाकडून आलेल्या एसटीतून तो शेतकरी उतरला. खांद्यावर आमचीच थैली, शिवण न उसवलेली. परत घ्यायची म्हणून मी उठले.

“परत नाई द्याची,” थैली दाराशी टेकवत तो म्हणाला. “हे फोडा. माह्या समोर शंभर मांडा.” मग सुनेकडे वळला. “फोन लाव बाई. माह्या गावचे सारे वाट पाहून राह्यले. पन पडदा तुह्याकडं ठेव. ताईले दिसू देऊ नको.”

सुनेनं फोन वळवला. मी थैली फोडून हात आत घातला.

“डोये मिटा, ताई.”

मी डोळे मिटले. बोटांना टपोरे दाणे लागत होते, गार आणि गुळगुळीत. त्यांच्यात एक सुरकुतलेला लागला. तो मी मुठीत धरला आणि हात बाहेर काढला.